खटक्याची पाटी

पाण्याची मोटार चालू करायची असली की अप्पा तीनदा विचारायचे. अंगणातल्या पेटीपाशी उभं राहून, मान वर करून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात: "चालू करू काय?" खालून अव्वानं "करा" म्हणायचं, मागच्या खोलीतल्या भाडेकरूनं "करा" म्हणायचं आणि माडीवरून मी. एकाचाही आवाज आला नाही तर मोटार चालू होत नसे. मी डोक्याला शिकेकाई थापून न्हाणीघरात कोरडी ठणठणीत उभी, घड्याळात साडेनऊ, मी आतून ओरडतेय, "करा हो अप्पा, करा एकदाची!" आणि खालून शांतपणे प्रश्न येतोय, "कोण बोललं? नाव सांगा." नाव सांगितल्याशिवाय ते उत्तर धरत नसत. चार वर्षांत या एका कारणानं मला ऑफिसात किती वेळा उशीर झाला, ते माझ्या साहेबांना विचारा.

लातूरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात मी होते, तेव्हाची ही गोष्ट. अप्पा माझे घरमालक. विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, मूळचे निलंग्याकडचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात बारा महिने अर्ध्या बाहीचा खाकी शर्ट. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अव्वा, म्हणून मीही. दोघांना मूलबाळ नव्हतं. मी सामान घेऊन आले त्या दिवशी अप्पांनी माझा फ्रिज, माझं कपाट, माझी गादीसुद्धा हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपून बघितली. मी मनात म्हटलं, बाई, कुठं येऊन पडलीस!

त्या पालथ्या हाताचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. "सुलट्या हातानं तार धरली आन् तिच्यात करंट असला, की मूठ आवळती. सुटत न्हाई माणूस. पालथा लावला की हात आपसूक झटकून निघतोय." हे विजेच्या तारेपुरतं ठीक होतं. पण अप्पा गंजगोलाईच्या बाजारात टरबूजसुद्धा पालथ्या हातानं तपासायचे. कुणी लग्नपत्रिका दिली तर आधी तिला पालथा हात लावून मग घ्यायचे. मला एकदा टायफॉइड झाला, तेव्हा कपाळावर त्यांचा पालथा हात लागला आणि लगेच झटकला गेला. "अव्वा, पोरगी लई तापली गं," म्हणत ते स्वतः रिक्षा आणायला धावले. तिथून पुढं मी "म्याडम"ची "पोरी" झाले.

"लाईट गेली" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "लाईटीला काय पाय फुटलेत? जात न्हाई ती. कुणीतरी बंद करतंय, कुणीतरी चालू करतंय. तिकडं माणूस बसलेला असतो, माणूस!" हे ते इतक्या रागानं म्हणायचे की समोरचा गप्पच व्हायचा.

आणि खटका. आमच्याकडं भिंतीवरच्या स्विचला खटका म्हणतात, बटणालाही खटकाच. अप्पांच्या घरातले सगळे खटके जुने, काळे, गोल, मोठाले. दाबले की टक्क आवाज यायचा. शहरात नव्या इमारतींमधून नुसतं बोट टेकवलं की चालणाऱ्या लिफ्ट आल्या, तेव्हा अप्पा डोळ्यांच्या दवाखान्यात चार मजले जिन्यानं चढून गेले, त्या वयात. मी भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, "दाबल्याबिगर काही होऊ नये, पोरी. आन् झालं तर आवाज यावा. नुसता हात लागला तरी चालू? मग तिथं झुरळ बसलं तरी चालू व्हईल की!" वर माझ्याकडं बघून म्हणाले, "तू हसायलीस. हस."

हसू नये असं काही त्यात आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. कारण त्यांचे हात मी रोज बघत होते. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली. उरलेल्या सगळ्या बोटांची, दोन्ही हातांच्या, टोकं गुळगुळीत, चकचकीत, जाड. त्या कातडीत जीव नव्हता. रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या मशीननं त्यांना कधी ओळखलं नाही. "लिहा साहेब," अप्पा काउंटरवर म्हणायचे, "माणूस हाय, अंगठा मयत हाय." लोक हसायचे, आणि मीही त्यांच्यात.

हात कसे जळले ते अप्पांनी मला कधीच सांगितलं नाही. अव्वानं सांगितलं, एका रविवारी, तूर निवडता निवडता. लग्नानंतर अप्पांनी तिच्या धाकट्या भावाला खटपट करून विजेच्या खात्यात चिकटवलं होतं. एके दिवशी अप्पा खांबावर, आणि खाली सबस्टेशनवर खटक्यापाशी तो. वरून खूण येण्याआधीच त्यानं लाईन चालू केली. का, कशी, देव जाणे. "चौकशी आली तवा ह्यांनीच लिहून दिलं, माझीच चूक, मीच चालू कर म्हणलो. भावाची नोकरी वाचली. पण त्या दिवसापासनं ह्यांनी त्याचं नाव घेतलं न्हाई बघ. शिवी न्हाई, राग न्हाई, काहीच न्हाई. एकदा आला होता बिचारा, तर हे उठले आन् आत जाऊन बसले. मग तो कशाला येतोय?" भाऊ मुरुडला होता, तासाभराच्या वाटेवर. तीस वर्षं अव्वानं भाऊबीज केली नव्हती. "ह्यांनी एकदा हाव, बोलाव म्हणलं असतं तर," एवढं बोलून ती पुन्हा सुपात बघायला लागली.

आता पाटीकडं येते. सांगायचं तेच आहे, आणि तेच मी टाळतेय.

माझ्याकडं पुस्तकं वाचायचा एक जुना ई-रीडर होता. करड्या रंगाचा, दोन्ही कडांना पान उलटायचे खटके असलेला. मी जिन्यात बसून वाचत होते आणि अप्पा खालून बघत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही छापील अक्षर त्यांना दिसेनासं झालं होतं, साखरेनं डोळे खाल्ले होते. मी अक्षर मोठं केलं, इतकं की पानावर आठच ओळी मावल्या, आणि पाटी त्यांच्यापुढं धरली. हो, "पाटी" हे नाव त्यांचंच. आधी पालथा हात लावून झाला. मग अंगठ्यानं कडेचा खटका दाबला. टक्. पान उलटलं. पुन्हा दाबला. टक्. आजवर इतक्या यंत्रांनी त्यांना झिडकारलं होतं, आणि हे एक निमूटपणे ऐकत होतं.

"आयला," अप्पा म्हणाले, "हिला कळतंय की!"

ती पाटी मग त्यांचीच झाली. रोज दुपारी तीनला ओसरीवर बैठक बसायची. दाराला जुनी पत्र्याची लाल पाटी लटकायची, "माणूस काम करीत आहे, लाईन चालू करू नये", खात्यातून येताना उचलून आणलेली. मग कुणी दार वाजवायचं नाही. अव्वाला अक्षरओळख नव्हती, म्हणून अप्पा मोठ्यानं वाचायचे. पान संपलं की विचारायचे, "पुढं?" अव्वा "हं" म्हणायची, की टक्. तिचा हं आला नाही तर पान उलटत नसे. एकदा तिला डुलकी लागली तर अप्पा अर्धा तास त्याच पानावर बसून राहिले होते, बोट खटक्यावर ठेवून. मी सुट्टीच्या दिवशी वरून हे ऐकत पडायची. मला त्याचं काय सुख होतं, ते आता कळतंय.

मी त्यांना एक जाडजूड कादंबरी भरून दिली होती. तंबूतला सिनेमा घेऊन जत्रेजत्रेला हिंडणाऱ्या एका कुटुंबाची. मी ती आधी वाचलेली. अप्पा सावकाश वाचायचे, तीन प्रकरणांना दोन महिने लागले. तेवढ्यात माझी बदली आली, नांदेडला, म्हणजे माझ्याच घरी. मी खूश. निघायच्या आदल्या आठवड्यात अप्पा पाटी घेऊन वर आले. डावीकडचा खटका सैल झाला होता, दाबला की आवाज येत नव्हता. "नांदेडात कुणी कारागीर असंल तर येवढा एक खटका घट्ट करून आण. बाकी काही करू नको तिला."

बाकी काही करू नको. इतकं स्पष्ट सांगितलं होतं त्यांनी.

पण मी पडले हौशी! नांदेडच्या दुकानातला माणूस म्हणाला, मॅडम, याचे पार्ट येत नाहीत आता, खटक्याचं मॉडेलच बंद झालं, जुनं द्या आणि नवं घेऊन जा. नवी पाटी काय देखणी होती! पडदा लख्ख, पाण्यात पडली तरी बिघडत नव्हती, आणि अंगावर खटका एकही नाही. झाकण उघडलं की आपोआप जागी व्हायची. अप्पांनी चार वर्षं मला लेकीसारखं सांभाळलं, त्यांना निरोपाचं काहीतरी चांगलं द्यावं, असं माझ्या मनात आलं. जुनी मी काउंटरवर ठेवली आणि वळूनही बघितलं नाही.

लातूरला नेऊन दिली तेव्हा अप्पांनी ती उलटी-पालटी करून बघितली. "खटका कुठं हाय?"

"खटकाच नाही अप्पा! नुसतं बोट फिरवायचं."

त्यांनी बोट फिरवलं. काही झालं नाही. दुसरं फिरवलं, काही नाही. मग तळहाताची कड चुकून लागली आणि वीसेक पानं भराभर पुढं गेली. घाबरून सावरायला गेले तर अक्षरं मुंगीएवढी झाली. अप्पांनी हात एकदम मागं ओढला आणि मांडीखाली घातला. मी हसले. अक्षर मोठं केलं, तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर पुस्तक लावून दिलं, आणि वरून शहाणपणा शिकवला: "सवय होईल, अप्पा. जग कुठं चाललंय आणि तुम्ही खटके काय घेऊन बसलात?"

"व्हईल की," अप्पा म्हणाले. "लई भारी हाय. कशाला येवढं आणलंस?"

मी नांदेडला आल्यावर पंधरा दिवसांनी एकदा फोन करायची. "काय म्हणते पाटी?" "एक नंबर." "वाचन चालू?" "रोज. इच्यार अव्वाला." अव्वा मागून म्हणायची, "लई रंगात आलंय गं पुस्तक!" मला धन्य धन्य वाटायचं. फक्त एकदा, पावसाळ्याच्या सुमाराला, अप्पांनी स्वतःहून फोन केला. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ती जुनी हाय का गं अजून तुझ्याकडं? सैल खटक्याची का असंना." मी मीटिंगमध्ये होते. "अप्पा, ती कधीच दिली मी दुकानात. का हो?" "काय न्हाई, काय न्हाई. असंच." फोन ठेवला त्यांनी. मी परत मीटिंगमध्ये जाऊन बसले. त्या "असंच"वर मी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. याचं मला जे वाटतं, ते कुणाला सांगून हलकं होत नाही.

दसऱ्याच्या आधी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. तीन दिवस दवाखान्यात होते, बोलता येत नव्हतं. मी पोचले तेव्हा माती झाली होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा अव्वानं पाटी माझ्या हातात ठेवली. ती रोज तिला चार्जिंगला लावत होती, अप्पा गेल्यावरही. म्हणाली, "पोरी, येवढं एक काम कर. पुस्तक अर्धं राहिलंय. पुढं काय होतंय ते वाचून दाखव."

मी झाकण उघडलं. तिसऱ्या प्रकरणाचं शेवटचं पान, आठ ओळी. मी लावून दिलं होतं तेच. आठ महिने, आणि एक पानही पुढं नाही.

मी म्हटलं, "अव्वा, कुठवर आलं होतं?"

"ते वायरमनपाशी की."

"कोण वायरमन?"

"अगं, तूच दिलंस ना पुस्तक? तंबूवाल्यांकडं इंजिन सांभाळायला तो वायरमन येतोय बघ. मग गावात खांब रोवतात. हा वर चढतोय. आन् खाली खटक्यापाशी त्याच्याच बायकूचा भाऊ." अव्वा पदर सारखा करत म्हणाली, "कुठल्या लेखकानं लिहिलंय कुणास ठाऊक. आमच्यासारखंच लिहिलंय. जगात असं लई जणांचं होत असंल, न्हाई? तो वर असताना त्याला खालून भाऊ दिसतोय, भाऊ हसत हात करतोय, आन् ह्याला वाटतंय, अरे, हा मला इच्यारीना कसा? हे वाचताना ह्यांचा आवाज बसायचा. मी म्हणलं, नका वाचू, दुसरं वाचा. तर न्हाई म्हणले."

त्या कादंबरीत वायरमन नाही. खांब नाही, बायकोचा भाऊ नाही. मला ती अथपासून इतिपर्यंत माहीत आहे. पान उलटत नव्हतं, अव्वा समोर बसलेली होती, आणि तीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते अप्पा पाटी हातात धरून, पुस्तकातलं म्हणून, रोज थोडं थोडं सांगत गेले होते.

"शेवटी दवाखान्यात तो भाऊ येतोय," अव्वा म्हणाली, "आन् पायापाशी उभा राहतोय. तिथं ह्यांनी मिटवली पाटी. आज बास म्हणले. दुसऱ्या दिवशी झटकाच आला." ती पुढं सरकली. "वाच. तो वायरमन काय म्हणतोय त्याला? माफ करतोय का न्हाई? मी म्हणलं, त्यानं केलं असंल, तर ह्यांच्याबी मनात तेच असंल. न्हाईतर रोज एवढं जीव लावून कशाला वाचले असते? मग मी बोलावते भावाला. दिवाळी आलीच हाय."

आणि मी, शिकलेली दीडशहाणी, वाचायला लागले. पाटीवरच्या त्या आठ ओळींकडं बघत, मनानंच रचून. "दवाखान्यातल्या खाटेवरून त्यानं डोळे उघडले. मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात..."

"सोलापूरच्या," अव्वा म्हणाली. "दवाखाना सोलापूरचा होता की. मागं जा, पान चुकलं असंल तुझं."

मला पुढं वाचवेना. पाटी मिटली आणि रडायला लागले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं अप्पांच्या आठवणीनं रडतेय. मग मी सगळं सांगून टाकलं. जुनी पाटी कुठं गेली, नवीवर त्यांची बोटं का चालत नव्हती, पुस्तकात काय आहे, काय नाही. त्यांनी मागितलेला सैल खटका आणि माझी मीटिंग, तेही सांगितलं.

अव्वानं पाटी स्वतःकडं ओढून घेतली. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढेल, आणि काढावं असंच वाटत होतं.

"म्हणजे वाचत न्हवते," ती म्हणाली.

"नाही गं."

"मला सांगत होते."

"हो."

"शिव शिव! आन् मला वाटलं, लेखकानं लिहिलंय. मला ठाव असतं तर मी तिथंच इच्यारलं असतं. त्याच दिवशी. हात धरून इच्यारलं असतं, तुम्ही काय म्हणलाव त्याला?" मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "तू शिकलेली हायस, तूच सांग. माणूस माफ केल्यावर असं सांगतो, का माफ करता येईना म्हणून सांगतो?"

मी खूप विचार केलाय त्यावर. जुनी पाटी त्यांच्याजवळ असती, तर त्यांनी सरळ ती कादंबरी वाचून संपवली असती, हेही मला कळतं. त्यानं माझी चूक लहान होत नाही. खटका असता तर त्यांनी आपल्या मनानं वाचलं असतं, आपल्या मनानं ते थांबले असते. मी त्यांच्या हातातून तेवढं एक काढून घेतलं, आणि वर त्यांच्याकडून "लई भारी हाय" असं वदवूनही घेतलं.

भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी मी अव्वाला फोन केला. विचारू की नको करत शेवटी विचारलं, "मुरुडचे मामा आले होते का?"

"न्हाई. ताट करून ठिवलं होतं. फोनबी हातात घेतला होता. मग म्हणलं, ह्यांनी शेवट सांगितलाच न्हाई, मी माझ्या मनानं कसा लावू?" मग म्हणाली, "तिकडं तो आंघोळ करून, नवी टोपी घालून बसलेला असतोय म्हणं. दरवर्षी. भावजय सांगती."